सीबीसी नॉर्मल, तरी पोर सारखं आजारी

या वेळची बहुतेक पत्रं जन्मजात प्रतिकारशक्तीच्या कमतरतेबद्दल आहेत. एका जनुकात बिघाड होतो आणि संरक्षणाची एखादी फळी जन्मापासूनच रिकामी राहते, असे हे आजार. पत्रं थोडक्यात दिली आहेत. डोस उदाहरणासाठी आहेत, तुमच्या मुलाचा डोस त्याचे डॉक्टरच ठरवतील.

प्रश्न : मुलगा 20 महिन्यांचा आहे, वजन 11 किलो. पहिले सात महिने ठणठणीत होता. त्यानंतर तीनदा न्यूमोनिया झाला, कान तर सारखा वाहतो. दर वेळी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) केलं, लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) नॉर्मलच. आता पुण्याच्या डॉक्टरांनी आयजीजी (रक्तातली मुख्य अँटिबॉडी) तपासलं तर फक्त 62 निघालं, आणि बीटीके जनुकात म्युटेशन (बिघाड) असल्याचा रिपोर्ट आला. इतके दिवस कुणालाच कसं कळलं नाही? सासरी सगळे विचारतात, हे तुझ्याकडूनच आलं ना? – एक आई, कराड

उत्तर : या आजाराला एक्स-लिंक्ड अगॅमाग्लोब्युलिनेमिया म्हणतात, डॉक्टर नुसतं एक्सएलए म्हणतात. बीटीके जनुकातल्या सूचनेवरून जे प्रथिन बनतं ते नसेल तर बी पेशी अस्थिमज्जेत अर्धवट वाढून तिथेच अडतात, रक्तात येतच नाहीत. बी पेशींपासून प्लाझ्मा पेशी होतात आणि प्लाझ्मा पेशी अँटिबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, बनवतात. पहिलीच पायरी नाही म्हटल्यावर पुढचं सगळंच अडतं.

पहिले सात महिने बाळ तुमच्या अँटिबॉडीवर जगलं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईचं आयजीजी वारेतून बाळाकडे जातं. दर तीन आठवड्यांनी ते साधारण निम्मं होतं, सहा महिन्यांत जवळजवळ संपतं. निरोगी बाळाचं स्वतःचं आयजीजी तोवर तयार व्हायला लागलेलं असतं, तुमच्या मुलाचं झालं नाही. म्हणून या आजारात पहिलं मोठं आजारपण सहा महिन्यांनंतर येतं. अंगावरचं दूध पाजत होतात का, असं कुणी विचारलं तर मनाला लावून घेऊ नका. दुधातलं आयजीए (अँटिबॉडीचा दुसरा प्रकार) आतड्यात काम करतं, रक्तातली उणीव भरून काढत नाही.

सीबीसीत का दिसलं नाही? त्या रिपोर्टात लिम्फोसाइट ही एकच ओळ असते. टी आणि बी पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचेच प्रकार, तिथे एकत्रच मोजल्या जातात, आणि त्यात मोठा वाटा टी पेशींचा. बी पेशी शून्य असल्या तरी आकडा नॉर्मलच्या पट्ट्यात बसतो. हा आजार सीबीसीवर शोधायचा नसतोच. मात्र दोन खुणा कुठल्याही गावच्या डॉक्टरांना फुकटात मिळतात. एक, टॉर्च लावून घसा पाहायचा. इतके कान फुटणाऱ्या मुलाचे टॉन्सिल सुजलेले असायला हवेत, गळ्यात गाठी हाताला लागायला हव्यात. एक्सएलएच्या मुलात टॉन्सिलच्या जागी जवळजवळ काहीच दिसत नाही. दुसरी, लिव्हरच्या तपासणीच्या जुन्या रिपोर्टात टोटल प्रोटीनमधून अल्ब्युमिन वजा करा. उरतं ते ग्लोब्युलिन. ते दीडच्या खाली असेल तर त्याच दिवशी आयजीजी, आयजीए, आयजीएम या तपासण्या लिहून द्याव्यात. पक्कं निदान फ्लो सायटोमेट्रीने (प्रकारानुसार पेशी मोजणाऱ्या तपासणीने) होतं : सीडी19 ही बी पेशींची खूण असलेल्या पेशी 2 टक्क्यांहून कमी, बहुधा 1 टक्क्याच्याही खाली.

आता सासरच्या प्रश्नाबद्दल. मुलाला बापाकडून वाय गुणसूत्र मिळतं, एक्स फक्त आईकडूनच येतं. त्यामुळे ‘आईकडून आलं’ हे वाक्य बरोबर आहे, त्यातला आरोप चूक आहे. साधारण निम्म्या मुलांच्या घराण्यात असा आजार आधी कुणाला झालेला नसतो. काहींत बिघाड त्याच पिढीत नव्याने झालेला असतो. वाहक आई, म्हणजे बिघडलेलं जनुक बाळगणारी, स्वतः पूर्ण निरोगी असते, कारण तिच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू असतं. ज्या बी पेशींत बिघडलेलं एक्स चालू असतं त्या वाढतच नाहीत, उरतात त्या सगळ्या चांगल्या. तुमच्या आईला एवढंच विचारून ठेवा, की तिचा एखादा भाऊ किंवा मामा लहानपणीच न्यूमोनियाने किंवा ‘तापाने’ गेला होता का.

ऑग्डेन ब्रूटन यांनी 1952 साली अमेरिकेत वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात आठ वर्षांच्या मुलात हा आजार प्रथम ओळखला आणि त्याला बाहेरून गॅमाग्लोब्युलिन देऊन त्याची आजारपणं थांबवली. बीटीके जनुक सापडलं 1993 साली. उपचार मुळात आजही तोच आहे.

प्रश्न : आमच्या नातवाला एक्सएलए आहे. ताप आल्यावर गावातल्या दवाखान्यात विडाल (टायफॉइडची) आणि डेंग्यूची तपासणी केली, दोन्ही निगेटिव्ह. पुढच्या महिन्यात दुसऱ्या लॅबने हिपॅटायटिस बीच्या अँटिबॉडी पॉझिटिव्ह दाखवल्या. कोणाचं खरं मानायचं? – आजोबा, नांदेड

उत्तर : दोन्ही लॅबची चूक नाही. विडाल, डेंग्यूचं आयजीएम, एचआयव्हीची एलायझा या तपासण्या रोग्याच्या अँटिबॉडी शोधतात. नातू अँटिबॉडी बनवतच नाही, मग टायफॉइड असला तरी विडाल निगेटिव्हच येणार. उलट या आजारात शिरेतून देतात ते आयव्हीआयजी म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून वेगळं काढलेलं आयजीजी. त्यात लस घेतलेल्या दात्यांच्या हिपॅटायटिस बीविरोधी अँटिबॉडी असतात, त्याच रिपोर्टात उमटल्या.

म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा : अँटिबॉडीच्या तपासण्यांवर निदान करू नये. टायफॉइडसाठी अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर, डेंग्यूसाठी पहिल्या पाच दिवसांत एनएस1 (विषाणूचंच प्रथिन शोधणारी तपासणी), बाकी विषाणूंसाठी पीसीआर. जुलाब दोन आठवड्यांच्या वर गेले तर शौचात जिआर्डिया (आतड्यातला परजीवी) शोधायला सांगा, या मुलांना तो वरचेवर होतो.

प्रश्न : (कराडच्या त्याच ताईंचा) आयव्हीआयजी दर महिन्याला द्यायचं म्हणतात. किती, किती वेळात आणि घरच्यांनी काय पाहायचं?

उत्तर : डोस दर किलोला 400 ते 600 मिलिग्रॅम, तीन ते चार आठवड्यांनी. 11 किलोला 4.4 ते 6.6 ग्रॅम, म्हणजे व्यवहारात 5 ग्रॅमची एक बाटली. औषध महाग आहे, उरलेलं टाकायची वेळ येऊ नये म्हणून डॉक्टर पूर्ण बाटलीचा हिशोब धरतात. पाच टक्क्यांच्या द्रावणात 5 ग्रॅम म्हणजे 100 मिली.

बाटली 2 ते 8 अंशांत ठेवतात, पण फ्रीझरमध्ये कधीच नाही. गोठलेली बाटली नंतर वितळली तरी वापरायची नाही. द्यायच्या आधी तासभर बाहेर काढून ठेवावी. घाई म्हणून गरम पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये टाकू नये, हलवून फेस आणू नये. गढूळ दिसली किंवा तळाशी कण दिसले तर परत करायची. बाटलीवरचं बॅच नंबरचं स्टिकर काढून वहीत डकवा, तारीख घाला. पुढे कधी रिअ‍ॅक्शन आली तर पहिला प्रश्न बॅच आणि कंपनी बदलली का, हाच असतो.

गोम आहे ती वेगात. सुरुवात ताशी दर किलोला अर्धा मिली, म्हणजे 11 किलोला ताशी साडेपाच मिली. अर्धा तास काही झालं नाही तर 11, आणखी अर्ध्या तासाने 22, मग 33. असं केलं की 100 मिली संपायला चार तास लागतात. हे पंपावरच द्यायला सांगा. थेंब मोजून दिलेलं सलाइन मुलाने हात वाकवला की मंदावतं, हात सरळ केला की एकदम धावतं, आणि थंडी वाजून येण्याचे बरेचसे प्रकार या धावण्यातूनच होतात. पहिला डोस आणि मोठ्या खंडानंतरचा डोस यांना रिअ‍ॅक्शन जास्त येते. अंगात जोराचा ताप असताना सुरू केलं तरीही येते, म्हणून आधी संसर्ग आटोक्यात आणतात. आदल्या दिवसापासून पाणी, ताक, पेज भरपूर द्या. अंगात पाणी असेल तर डोकेदुखी कमी होते आणि शीरही सापडते.

थंडी, पाठदुखी, डोकं दुखणं, मळमळ असं झालं तर सिस्टर सलाइन थांबवतात, पॅरासिटामॉल देतात (दर किलोला 15 मिलिग्रॅम) आणि अर्ध्या तासाने आधीच्या निम्म्या वेगाने पुन्हा सुरू करतात. श्वास लागणं, ओठ सुजणं, मूल एकदम गळून जाणं हे वेगळं आणि दुर्मीळ. तिथे सलाइन बंद करून लगेच अ‍ॅड्रेनॅलिन द्यावं लागतं, म्हणून हा डोस अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी नसलेल्या ठिकाणी घेऊ नये. घरी गेल्यावर दोन-तीन दिवसांत फार डोकं दुखलं, मान ताठली, उजेड सहन होईना, तर फोन करा.

डोस पुरतो की नाही ते ट्रफवर ठरतं. ट्रफ म्हणजे पुढची बाटली लावायच्या लगेच आधी घेतलेल्या रक्तातलं आयजीजी. बाटली संपल्यावर घेतलेला आकडा छान दिसतो, उपयोग काही नाही. 500 ही अगदी खालची रेघ, 700 ते 800 च्या वर ठेवलं तर न्यूमोनिया कमी होतात. पहिल्या तीन-चार डोसांत आकडा स्थिरावत नाही, घाबरू नका. चांगलं चाललेलं पुढे बिघडतं ते बहुतेक एकाच कारणाने : मूल 11 चं 14 किलो झालं तरी बाटली तीच 5 ग्रॅमची. 14 किलोला किमान 5.6 ग्रॅम लागतात. दर तीन महिन्यांनी वजन, दर सहा महिन्यांनी ट्रफ, हे वहीत असलंच पाहिजे. दुसरं कारण म्हणजे मूल बरं दिसतंय म्हणून एखादा महिना गाळणं. गाळलेल्या महिन्याचा हिशोब फुप्फुसं चुकती करतात, आणि श्वासनलिका एकदा रुंदावून बिघडल्या की पूर्ववत होत नाहीत.

बाटलीत आयजीजी असतं, आयजीए आणि आयजीएम नसतं. त्यामुळे उपचार चालू असूनही नाक, सायनस, कान अधूनमधून त्रास देतात. त्याचा अर्थ औषध लागू पडत नाही असा नाही. पोटाच्या कातडीखाली दर आठवड्याला दर किलोला 100 ते 150 मिलिग्रॅम देण्याची पद्धतही आहे. ते घरी देता येतं, शीर शोधावी लागत नाही, पातळी सम राहते. मिळत असेल आणि परवडत असेल तर लांबच्या गावच्या कुटुंबांसाठी आमच्या मते तेच बरं.

प्रश्न : (पुन्हा कराड) पोलिओ रविवारी आशाताई घरी आल्या होत्या. याला बूस्टरही द्यायचा राहिलाय, आणि धाकटी तीन महिन्यांची आहे. दोघांना डोस द्यावा का?

उत्तर : तोंडाने द्यायचा डोस दोघांनाही नाही. त्या थेंबांत जिवंत, कमजोर केलेला विषाणू असतो. अँटिबॉडी नसलेल्या मुलाच्या आतड्यात तो महिनोन् महिने वाढत राहतो, त्यात बदल होतात आणि लकव्याचा धोका उभा राहतो. धाकटीला थेंब दिले तर तिच्या शौचातून काही आठवडे विषाणू बाहेर पडत राहील, लंगोट बदलणाऱ्या हातांनी तो भावापर्यंत जाईल. धाकटीला पोलिओचं इंजेक्शन, म्हणजे आयपीव्ही, पूर्ण द्या. त्यात जिवंत विषाणू नसतो.

आशाताईंना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा आणि नोंद करून घ्या. नाहीतर करंगळीला शाई नाही म्हणून त्या पुन्हा येतील, आणि घरी फक्त आजी असली तर डोस देऊन जातील. आजीलाही सांगून ठेवा. शेजारच्या किंवा पाहुण्यांच्या बाळाने नुकताच डोस घेतला असेल तर महिना-दीड महिना त्याच्या लंगोटाशी तुमच्या मुलाचा संबंध नको, हात साबणाने धुवा.

मुलाला जन्मानंतर आणि दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना थेंब मिळालेच असतील. तेव्हा तुमच्या अँटिबॉडी त्याच्या अंगात होत्या. तरी शौचाचा नमुना पोलिओ विषाणूसाठी तपासून घेता येईल का, ते इम्युनॉलॉजीच्या डॉक्टरांना विचारा. हातापायात अचानक ढिलेपणा आला तर त्याच दिवशी दाखवा. गोवर-रुबेलाचा दुसरा डोसही याच वयात येतो. आयव्हीआयजी चालू असताना तो वाया जातो, कारण बाटलीतल्या अँटिबॉडीच लस निकामी करतात. घरातल्या बाकीच्यांनी फ्लूचं इंजेक्शन दरवर्षी घ्यावं.

प्रश्न : माझ्या बहिणीच्या मुलाला हाच आजार आहे. मी दोन महिन्यांची गरोदर आहे. मी काय करू? – मावशी, ठाणे

उत्तर : आधी भाच्याचा जनुकीय रिपोर्ट मागवा. त्यात बदलाची नेमकी जागा लिहिलेली असते. तुमच्या रक्तात फक्त ती एक जागा पाहायची, सगळी जनुकं वाचण्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि लवकर होतं. रिपोर्टात बदल रोगकारक किंवा बहुधा रोगकारक असा नोंदवलेला असावा. ‘अर्थ अनिश्चित’ लिहिलं असेल तर त्यावर गर्भाचा निर्णय घेऊ नका.

तुम्ही वाहक नसलात तर विषय संपला. असलात तर प्रत्येक गरोदरपणात बाधित मुलगा होण्याची शक्यता चारात एक. 11 ते 13 आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन किंवा 16 आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन तपासता येतं. लिंगनिदानाला कायद्याने बंदी आहे, पण लिंगाशी जोडलेल्या आनुवंशिक आजाराची तपासणी त्याच कायद्यात मान्य आहे, मात्र नोंदणी असलेल्या केंद्रातच. दोन महिने म्हणजे वेळ आहे, पण फार नाही. याच आठवड्यात समुपदेशकाला भेटा.

तपासणी करायची नसेल तरी एक काम कराच. बाळंतपणाच्या कागदावर ठळक लिहून घ्या : मुलगा झाल्यास बीसीजी (क्षयाची लस), पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरस तूर्त देऊ नयेत. एक्सएलएमध्ये बीसीजीने सहसा काही होत नाही, पण तपासणी होईपर्यंत थांबण्यात नुकसान नाही. नवजात बाळाच्या सीडी19 पेशी जन्मतःच मोजता येतात, आयजीजी मात्र तेव्हा आईचंच असतं, ते मोजून फसगत होते. रक्त ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या बाटलीत, साध्या तापमानात, बर्फ न लावता, 24 तासांच्या आत लॅबला पोचायला हवं. शनिवारी पाठवलेलं रक्त सोमवारपर्यंत पडून राहतं आणि पेशी मरतात.

प्रश्न : मुलगा 6 वर्षांचा, 18 किलो. लिव्हरमध्ये दोनदा पू झाला. लहानपणी बीसीजीच्या बाजूची काखेतली गाठ फुटून महिनोन् महिने वाहत होती. आता डीएचआर तपासणीत (पांढऱ्या पेशी जंतू मारू शकतात का, ते पाहणाऱ्या) सीजीडी निघाला. आमची द्राक्षबाग आहे, घर शेतातच. काय टाळायचं? – वडील, निफाड

उत्तर : सीजीडी, म्हणजे क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, हा आजार वेगळा. इथे अँटिबॉडी ठीक असतात, पांढऱ्या पेशी जंतू गिळतातही, पण आत गेलेल्याला मारायचं रसायन बनत नाही. बिघाड बहुतेक वेळा एक्स गुणसूत्रावरच्या सीवायबीबी जनुकात असतो. फुटलेली काखेतली गाठ ही त्याची जुनी खूण होती. भारतात सगळ्या बाळांना बीसीजी मिळते, म्हणून ही खूण आपल्याकडे फार कामाची, आणि दुर्दैवाने क्षयरोग म्हणूनच ती वाचली जाते.

शेतात सगळ्यात मोठा धोका बुरशीचा आहे, आणि बुरशी कुजणाऱ्या पाल्यात असते. उकिरडा उपसणं, शेणखत किंवा कंपोस्ट पसरणं, छाटणीचा काडीकचरा कुट्टी करून वेलींखाली अंथरणं, उसाचं पाचट, ओला झालेला कडबा, मळणी, भुसा, धान्याची कणगी झाडणं : या कामांच्या दिवशी मुलगा शेतात नसावा, दुसऱ्या गावी पाठवता आला तर उत्तम. नंतरही धुरळा बसेपर्यंत नको. कपडे बाहेर बदलून मगच घरात या. जुना गिलावा पाडणं, ओल आलेली भिंत खरवडणं हेही त्यातच. मास्कवर भिस्त ठेवू नका, सहा वर्षांचं पोर तो पाच मिनिटांत काढतं. शेततळं आणि साचलेल्या डबक्यातलं पोहणं बंद. तिथल्या पाण्यामातीतला क्रोमोबॅक्टेरियम नावाचा जंतू एरवी सहसा कुणाला त्रास देत नाही, या मुलांच्या मात्र जिवावर उठतो. उन्हात हिंडणं, क्रिकेट, शाळा, सगळं चालेल.

अशा धुरळ्यानंतर दहा-बारा दिवसांत ताप, कोरडा खोकला, धाप लागली तर डॉक्टरांना आधी ‘सीजीडी आहे आणि खताचा धुरळा लागला’ हे सांगा. त्यात बुरशीविरोधी औषधाबरोबर स्टेरॉइडही लागतं, नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही. छातीचा एक्स-रे सुरुवातीला फसवतो, सीटी करावा लागतो.

रोजची दोन औषधं आयुष्यभर किंवा बोनमॅरो प्रत्यारोपण होईपर्यंत. को-ट्रायमॉक्साझोल, त्यातला ट्रायमेथोप्रिम दर किलोला 5 मिलिग्रॅम : 18 किलोला दिवसाला 90, म्हणजे 5 मिलीत 40 मिलिग्रॅम असलेलं पातळ औषध साधारण 11 मिली. आणि इट्राकोनाझोल या वयाला रोज 100 मिलिग्रॅम. कॅप्सूल असेल तर भरल्या पोटी, पातळ द्रावण असेल तर रिकाम्या पोटी. हे उलट झालं की औषध अंगी लागत नाही. अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असेल तर कॅप्सूल जवळजवळ फुकट जाते. प्रत्यारोपणाने हा आजार कायमचा बरा होऊ शकतो. जुळणारा भाऊ किंवा बहीण आहे का ते आताच तपासा, दोन-चार मोठी आजारपणं होऊन गेल्यावर नको.

मुलाच्या आईला उन्हाने चट्टे उठतात का, तोंड वारंवार येतं का, हेही डॉक्टरांना सांगा. सीजीडीच्या वाहक स्त्रियांना असा त्रास होतो आणि कुणी त्याचा संबंध जोडत नाही.

प्रश्न : काढा, गुळवेल, च्यवनप्राश यांनी प्रतिकारशक्ती वाढेल का? – अनेक पत्रं

उत्तर : नाही. जी पेशी बनतच नाही तिला वाढवणार कुठून? गुळवेल तर नकोच. तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 साली नोंदवले आहेत, आणि इट्राकोनाझोल आधीच यकृतावर भार टाकत असतं.

प्रश्न : खर्च झेपत नाही. कुठे जावं? – तीन पत्रं, सोलापूर, लातूर, पणजी

उत्तर : निदानासाठी मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. जवळच वाडिया बाल रुग्णालयात या आजारांवर उपचार होतात. केंद्र सरकारच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात सीजीडी आहे, आणि आयव्हीआयजी लागणारे एक्सएलएसारखे आजारही आहेत. मदतीची मर्यादा रुग्णामागे 50 लाख रुपये. पैसे घरच्यांच्या खात्यात येत नाहीत, नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रातून उपचारापोटी खर्च होतात. मुंबईत असं केंद्र केईएम आहे.

जाताना मूळ जनुकीय रिपोर्ट, उपचारापूर्वीचा आयजीजी किंवा डीएचआर रिपोर्ट, डिस्चार्जचे सगळे कागद आणि आधार कार्ड न्या. उपचारापूर्वीचा आयजीजी रिपोर्ट हरवू देऊ नका. बाटल्या सुरू झाल्यावर तो आकडा परत कधीच मिळत नाही, आणि मदत मंजूर करणारी समिती पहिल्यांदा तोच मागते.